आधी अर्ज, मग तलवार

ग्वाल्हेरच्या फुलबागेत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. दर वर्षी जून महिन्यात तेथे मेळा भरतो, अश्वारूढ पुतळ्याला हार चढतात, शाळेतल्या मुली नऊवारी नेसून लाकडी तलवारी घेऊन उभ्या राहतात आणि व्याख्याते मंडळी घसा कोरडा पडेपर्यंत स्त्रीशक्तीचा जयजयकार करतात. प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या लष्कर भागात आणि वकिलीचा व्यवसाय येथील खंडपीठात. त्यामुळे ह्या समारंभांना लहानपणापासून हजेरी लावणे घडत आले आहे. अशाच एका सभेनंतर चहाच्या वेळी मणिपूरचा विषय निघाला. तेव्हा एक वयोवृद्ध, व्यासंगी आणि देवभक्त गृहस्थ मला म्हणाले, "वकीलसाहेब, घराला आग लागली असता वाटणीचे बोलू नये. आधी शांतता होऊ द्या, मग बायकांच्या हक्कांचे सावकाश पाहू." भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या.

हा लेख त्या डोललेल्या मानांना उद्देशून आहे. त्या माना दुर्जनांच्या नव्हत्या. आपल्यापैकीच, देवळात नित्य जाणाऱ्या, मुलींना शिकवणाऱ्या सज्जनांच्या होत्या. म्हणूनच त्या मताचा समाचार घेणे अगत्याचे वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : जेथे कलह पेटला आहे तेथे स्त्रीच्या हक्काचा प्रश्न शांततेनंतर हाती घ्यावयाचा नसतो, कारण पुष्कळदा तो हक्क मागणारा अर्ज कोणी वाचला नाही, म्हणूनच आग लागलेली असते. याची साक्ष काढण्यास दूर जावयास नको. ग्वाल्हेरचा इतिहास पुरेसा आहे.

पहिला दाखला खुद्द शिंद्यांच्या घरचा. महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीस वारले. दौलतराव गादीवर आले. महादजींच्या विधवा बायांची मागणी काय होती? राज्य नव्हे, सैन्य नव्हे. कबूल केलेली पोटगी आणि घरातला मान, एवढेच. ते मिळेना, उलट अपमान वाट्याला आला, तेव्हा त्यांनी तक्रार केली. तक्रारीचे उत्तर म्हणून सर्जेराव घाटग्याने त्यांच्या तंबूत शिरून त्यांना मारहाण केली. पुढे १७९८ साली बाया छावणी सोडून गेल्या आणि जे वैर पेटले ते काही वर्षे दक्षिणेपासून माळव्यापर्यंत धुमसत राहिले. ह्या मासिकाच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. त्या वेळी बायांची बाजू घेणाऱ्यांत लखबादादा लाडांसारखे शेणवी सरदार अग्रभागी होते. म्हणजे विधवांच्या पोटगीसाठी आपल्या धन्याशी वाकडे घेण्याची परंपरा आपल्याच पूर्वजांची आहे. त्यात दरबारी राजकारण होते, पक्षाभिमान होता, हे कोण नाकारील? तरी मूळ दावा न्याय्य होता. आणि मौज अशी, की इतिहासाने ह्या प्रकरणास नाव दिले ते 'बायांचे युद्ध' असे. देणे बुडवले दौलतरावाने, हात उगारला घाटग्याने आणि युद्ध मात्र बायांचे!

दुसरा दाखला ज्या समाधीवर आपण हार घालतो तिचाच. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्या दिवशी त्यांनी शास्त्रोक्त विधीने दत्तक घेतला, मुलाचे नाव दामोदरराव ठेवले. त्या प्रसंगी कंपनीचा अधिकारी मेजर एलिस हजर होता. पुढचे काही महिने लक्ष्मीबाईंनी काय केले? घोडा दौडवला नाही, खलिते लिहिले. १८१७ च्या तहात झाशीचे राज्य रामचंद्ररावाच्या वारसांकडे वंशपरंपरा चालेल असे कंपनीने लिहून दिले होते, ते दाखवले. बुंदेलखंडातील ओर्छा, दतिया येथील दत्तक मान्य झाल्याचे दाखले दिले. सक्षम वकिलाने करावा तसा युक्तिवाद ह्या तरुण विधवेने केला. लॉर्ड डलहौसीने फेब्रुवारी १८५४ मध्ये झाशी खालसा केली. लक्ष्मीबाईंनी तरीही कायद्याची वाट सोडली नाही. जॉन लँग नावाच्या वकिलास बोलावून सल्ला घेतला, विलायतेस संचालक मंडळाकडे दाद मागितली. झाशी देणार नाही, हे त्यांचे उद्गार आज प्रत्येक भाषणात रणगर्जना म्हणून ऐकू येतात. ते लिहून ठेवले आहेत ह्याच वकिलाने, आणि ते निघाले पडद्याआडून, पक्षकार म्हणून सल्ला घेताना. आपण ते घोड्यावर बसवले.

कंपनीचा बचाव असा की झाशी हे मांडलिक संस्थान, त्यास दत्तकाचा हक्क सरकारच्या मर्जीवर. तो बचाव ग्वाल्हेरच्या दाखल्याशेजारी ठेवून पाहावा. १८४३ साली जनकोजीराव निपुत्रिक वारले तेव्हा कोवळ्या वयाच्या विधवा ताराबाईंनी दत्तक घेतला. तेच जयाजीराव, आणि कंपनीने ते मान्य केले. ग्वाल्हेर मोठे, फौज मोठी, सोय वेगळी. अकरा वर्षांनंतर झाशी लहान, सोय वेगळी. ग्वाल्हेर बरोबरीचे आणि झाशी हाताखालचे, हा भेद कंपनीने शास्त्र म्हणून मांडला. पण त्या शास्त्राच्या तराजूत वजन घातले होते ते फौजेचे.

ह्याहून बारीक अन्याय पुढेच आहे. दामोदरराव राज्यास वारस नाही, असे कंपनीने ठरवले. परंतु गंगाधररावांच्या खाजगी संपत्तीस मात्र तो वारस आहे, असेही तिनेच ठरवले. त्यामुळे ती संपत्तीही विधवेच्या हाती न येता मुलाच्या नावाने सरकारी खजिन्यात अडकली. मुलगा राज्यापुरता परका आणि पैशापुरता सख्खा! दोन्ही वाटांनी बाई रिकामीच राहिली. त्याच मुलाच्या मुंजीसाठी त्याच्याच पैशांतून लाख रुपये मागितले तर राणीस जामीन द्यावा लागला. महालक्ष्मीच्या देवळाकडे लागलेली गावे सरकारने काढून घेतली, त्याविरुद्धही तिने अर्ज केले. देवळाचे उत्पन्न राखणारा हा अर्ज देवस्थानांच्या कारभारात आयुष्य घालवणाऱ्या आपणा मंडळींना तरी ठाऊक असावयास हवा होता.

जून १८५७ मध्ये झाशीत शिपायांनी इंग्रजांची कत्तल केली तेव्हाही तिने सागरच्या कमिशनरास पत्रे लिहून आपला त्यात हात नसल्याचे कळवले, आणि त्याने जिल्ह्याचा कारभार पाहण्यास तिला अधिकार दिला. पुढे सरकारने तिलाच दोषी धरले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझची फौज झाशीपुढे उभी राहिली, तेव्हा तलवार उपसली गेली. पुढे काल्पी, मग ग्वाल्हेर आणि जूनमध्ये अंत. तलवारीचे काही महिने आपण पाठ केले. अर्जांची चार वर्षे विसरलो. दामोदरराव इंदुरास तुटपुंज्या नेमणुकीवर जगून १९०६ साली वारले. त्यांचा दावा शेवटपर्यंत कोणी मान्य केला नाही.

तिसरा दाखला अलीकडचा आणि कडू आहे. काल्पी ज्या जालौन जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातल्या यमुनाकाठच्या एका खेड्यात १९६३ साली नावाड्यांच्या जातीत फूलनदेवी जन्मली. तिच्या हकिगतीचे मूळ दरोड्यात सापडत नाही. ते सापडते चुलत घराण्याने बळकावलेल्या बापाच्या जमिनीत, वयाच्या अकराव्या वर्षी तिप्पट वयाच्या पुरुषाशी लावलेल्या लग्नात, आणि जमिनीसाठी भांडणाऱ्या मुलीला मिळालेल्या कोठडीत. त्यानंतर डाकूंनी तिला पळवले, तिच्यावर अत्याचार झाले. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी बेहमई गावात तिच्या टोळीने वीस पुरुषांना गोळ्या घातल्या. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंड येथे मुख्यमंत्री अर्जुनसिंग यांच्यासमोर तिने शस्त्र खाली ठेवले. पुढे ती आमच्या ग्वाल्हेरच्या तुरुंगात राहिली. शरण येण्यापासून १९९४ साली सुटका होईपर्यंत सुमारे अकरा वर्षे खटल्यावाचून गेली. पुढे ती खासदार झाली आणि २००१ च्या जुलैत दिल्लीत तिची हत्या झाली.

वाचक येथे भुवया उंचावतील. राणीच्या शेजारी ही? तुलना चारित्र्याची नाही. बेहमईचे हत्याकांड हे हत्याकांडच होय, त्याचे समर्थन कोणताही वकील करणार नाही. साम्य एवढेच, की दोघींचीही सुरुवात हक्काच्या मागणीने झाली आणि दोघींचीही ओळख शस्त्राने झाली. शिवाय बेहमईच्या दुसऱ्या बाजूलाही स्त्रियाच आहेत. ज्यांचे नवरे, मुलगे त्या दिवशी मारले गेले त्या विधवांना व मातांना खालच्या न्यायालयाचा निकाल ऐकायला मिळाला तो १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, घटनेनंतर बरोबर ४३ वर्षांनी. आणि त्यात शिक्षा झाली एकास. तोवर बहुतेक आरोपी मरून गेले होते आणि वाट पाहणाऱ्यांपैकीही कित्येक जणी निकाल पाहावयास उरल्या नव्हत्या. चंबळच्या खोऱ्यात १९६० साली विनोबाजी आले, १९७२ साली जौरा येथे जयप्रकाशजींच्या उपस्थितीत मोठी शरणागती झाली. ती पुण्यकार्ये होती, त्यांबद्दल मनात आदरच आहे. तरी त्या दिवसांच्या आठवणींत नावे ऐकू येतात ती बंदुका ठेवणाऱ्यांची. त्या बंदुकांनी ज्यांचे कुंकू पुसले त्यांची नावे आमच्या भागातल्या जाणत्या माणसांनाही सांगता येत नाहीत. शांतता झाली म्हणजे बायकांच्या हक्कांचे पाहू, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे : चंबळात शांतता झाली, मग कोणी पाहिले?

आता मणिपूर. मे २०२३ मध्ये तेथे दोन समाजांत हिंसा उसळली. दोन्हींकडची घरे जळली, दोन्हींकडच्या स्त्रिया निर्वासित झाल्या. ४ मे रोजी जमावाने काही स्त्रियांना विवस्त्र करून फिरवले. १८ मे रोजी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. तो योग्य त्या ठाण्याकडे पोचावयास आणखी महिना लोटला. १९ जुलैला त्या प्रकाराची चित्रफीत देशभर पसरली आणि २० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. अर्ज दोन महिने कागदावर होता. तो कोणी वाचला नाही. विटंबनेचे चित्र मात्र एका दिवसात साऱ्या देशाने पाहिले. ज्या देशात स्त्रीचा लेखी शब्द पुरेसा नसतो आणि तिच्या विटंबनेचा पुरावा डोळ्यांनी पाहावा लागतो, तेथे देवीच्या उत्सवांचा अभिमान बाळगताना थोडे खाली पाहावे हे बरे. पुढे ऑगस्टमध्ये न्यायालयाने माजी न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली तीन माजी महिला न्यायाधीशांची समिती नेमली. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी होत्या. तपासावर देखरेख करण्याचे काम महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांच्याकडे सोपवले गेले. मराठी माणसांनी हे ओझे उचलले याचे समाधान आहे. पण समिती नेमावी लागते ती ठाणेदार आपले काम करीत नाही म्हणून.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला असा, की स्त्रीचे रक्षण झाले पाहिजे हे सर्वांनाच मान्य आहे; मग हक्कांचा निराळा जप कशासाठी? उत्तर असे, की रक्षण आणि हक्क ह्या दोन वस्तू आहेत. फाळणीनंतर पळवलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ साली आपल्या संविधान सभेने कायदा केला. हेतू उदात्त होता. पण त्यातील व्याख्या पाहा : पळवलेली व्यक्ती म्हणजे सोळा वर्षांखालील मुलगा, अथवा कोणत्याही वयाची स्त्री. चाळीस वर्षांच्या बाईस सोळा वर्षांच्या मुलाइतकीही स्वतःची इच्छा कायद्याने ठेवली नाही. ज्यांना परतावयाचे होते त्यांचे भले झाले. ज्यांना नव्हते त्यांचे म्हणणे ऐकण्याची सोय नव्हती. रक्षणकर्ता विचारीत नाही, उचलून नेतो. हक्क असला की विचारावे लागते.

दुसरा आक्षेप सैन्याविषयी. सीमेवर आणि अशांत प्रदेशात जवान प्राण पणास लावतात. त्यांच्यामागे कज्जे लावू नयेत, असे म्हणतात. जवानांचा मान मलाही आहे. परंतु ज्यांनी अनेक वर्षे मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयात काढली त्या न्यायमूर्ती जगदीशशरण वर्मांच्या समितीने २०१३ साली स्पष्ट सांगितले, की गणवेशधारी माणसाने केलेला बलात्कार हा सामान्य फौजदारी कायद्याखालीच यावा. त्या वर्षीच्या दुरुस्तीने सामान्य सरकारी नोकरावर अशा गुन्ह्यासाठी खटला भरण्यास पूर्वपरवानगीची अट काढली. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्यातली अट मात्र तशीच राहिली. बलात्कार हे कोणाचेही सरकारी कर्तव्य असू शकत नाही. हे म्हणण्यात जवानाचा अपमान कोठे आला? उलट, परवानगीची ढाल ठेवल्याने निरपराध जवानावरही संशयाची सावली पडते.

आता आपल्या घरात येऊ. आपण कोण आहोत? सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. आपले देवच रात्रीच्या काळोखात पालख्यांतून नदी उतरून निर्वासित झाले. कलहप्रदेश म्हणजे काय, हे आपल्या कुळकथांना ठाऊक आहे. असे असता त्या देवीच्या अनेक देवस्थानांत महाजनांच्या यादीत कुळातल्या मुलीचे नाव नसते. गोव्यात मुलीस वडिलार्जित संपत्तीत वाटा कायद्याने फार आधीपासून आहे. देशात इतरत्र १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आणि २००५ च्या दुरुस्तीने तो आला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मतःच आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. आणि आपण काय करतो? रक्षाबंधनाच्या सुमारास बहिणीला माहेरी बोलावतो, पुरणपोळी वाढतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. असली हक्कसोडपत्रे मी स्वतः लिहिली आहेत; फी घेऊन लिहिली आहेत. माझ्या विधवा आत्याचे पत्र तर मी फी न घेता लिहिले, आणि ती सौजन्याची गोष्ट समजत होतो. सही करताना तिने एवढेच विचारले, "अरे, ह्यात माझे राहायचे काय लिहिले आहेस?" मी म्हणालो, "आत्या, घर आपलेच आहे." कागदात काहीच लिहिले नव्हते. तिची शेवटची वर्षे एका घरातून दुसऱ्या घरात गेली. युद्ध झाले नाही, गोळी सुटली नाही, वर्तमानपत्रात काही आले नाही. पण दुष्काळ, दंगल, लढाई यांपैकी काही त्या शहरावर आले असते तर आत्या कोठे उभी राहिली असती, हा प्रश्न मला आजही झोपू देत नाही. शांततेत जिच्या नावावर भिंत नाही, तिला अशांततेत छप्पर कोण देणार?

म्हणून काही मागण्या मांडतो. त्या सरकारकडे आहेत तशा आपल्याकडेही आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. अशांत भागात तो किती दिवसांत पुढे गेला ह्याचा हिशेब न्यायाधीशाने दर पंधरवड्यास मागावा. निर्वासित कुटुंबास घर वा जमीन देताना ती स्त्रीच्या नावानेही लिहावी. तडजोडीच्या बैठकीत स्त्रियांना जागा असावी. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाच्या ठरावाने हे तत्त्व २००० सालीच सांगून ठेवले आहे. हे सरकारचे झाले. आपल्या देवस्थानांनी कुळातल्या मुलींची नावे महाजनांच्या यादीत घ्यावीत, आणि वार्षिक उत्सवाच्या खर्चातला छोटा हिस्सा संकटात सापडलेल्या कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या स्त्रीला वकील देण्यासाठी राखावा. लखबादादांनी तलवार दिली. आपण कोर्ट फी तरी देऊ.

ते वयोवृद्ध गृहस्थ पुढच्या जूनमध्ये पुन्हा भेटतील. मी त्यांना नमस्कार करीन आणि एवढेच विचारीन, की राणीच्या हातातली तलवार आपण दर वर्षी पुसतो, तिच्या दुसऱ्या हातातला कागद कधी वाचणार? त्या कागदावर अजून कोणी सही केलेली नाही.